बाबांच्या ई-सायकलची बॅटरी: प्रकल्प नोंदी

३० जून २०२४, रविवार

तुकोबांची पालखी आज दापोडीवरून पुण्यात गेली. बाबा सकाळी सहालाच सायकल घेऊन दर्शनाला गेले. परतताना सांगवीच्या पुलावर मोटर मेली. चार्जरचा दिवा रात्री हिरवा झालेला त्यांनी स्वतः पाहिला होता, डिस्प्लेवर चार कांड्या होत्या, आणि गाडी चालली जेमतेम पाच किलोमीटर. बावीस किलोची सायकल, रस्त्यावर ही गर्दी, त्यात बाबांचा डावा गुडघा. ढकलत आणली. घरी आल्यावर एक शब्द बोलले नाहीत.

सायकलची कुंडली लिहून ठेवते. ऑगस्ट २०२० मध्ये घेतली, ३१ हजारांना. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर. तिरक्या नळीवर किल्लीने बसणारी बॅटरी, लेबलवर ३६ व्होल्ट १०.४ एएच (अँपिअर-अवर). दोन्हींचा गुणाकार ३७४ वॅट-अवर, म्हणजे आत मावणारी एकूण ऊर्जा. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आत असल्यामुळे नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. बाबांचं लायसन्स संपलंय आणि त्यांना ते नवं करायचं नाही, म्हणून ही सायकल. दुसरी कुठली गाडी चालणार नाही, हे आधीच ठरलेलं.

१ जुलै, सोमवार

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. मॉडेल बंद झालंय. बॅटरी ‘मागवता येईल’, १६,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९,४७०. तीन आठवडे, पैसे आगाऊ. वॉरंटी सहा महिने.

अख्खी ई-सायकल घेतली तर जीएसटी ५ टक्के, तिचीच बॅटरी सुटी घेतली तर १८. म्हणजे जुनी गाडी जगवणाऱ्याला दंड. असो.

१९,४७० भागिले ३७४ केलं तर वॅट-अवरला ५२ रुपये पडतात. यापुढे प्रत्येक पर्याय याच मापाने मोजायचा. व्होल्ट वेगळे, एएच वेगळे, त्यामुळे दुकानदार जे ‘दहा एएचची बॅटरी’ म्हणतो ते भाजीवाल्याच्या ‘मोठी जुडी’ म्हणण्यासारखं आहे.

२ जुलै, मंगळवार

काही विकत घेण्याआधी मेलंय काय ते बघू.

रात्रभर चार्ज केली. दिवा हिरवा व्हायला फक्त चाळीस मिनिटं लागली. टर्मिनलवर ४१.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी ४२ दाखवते, त्यामुळे वरवर पाहता ठणठणीत. बाबांनी माळ्यावरून एसटीच्या हेडलाइटचे २४ व्होल्टचे दोन बल्ब काढून दिले (३४ वर्षं दापोडीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाच्या माळ्यावर काय नसतं?). दोन्ही सिरीजमध्ये लावले. अडीच अँपिअरच्या आसपास लोड. अर्ध्या तासात फट्टकन अंधार. विझायच्या क्षणी मीटरवर ३८.७.

हा आकडा महत्त्वाचा. सायकलचा कंट्रोलर (मोटर चालवणारं सर्किट) ३१ व्होल्टला पुरवठा कापतो, तसं त्याच्यावर छापलंय. इथे तर कंट्रोलर जोडलेलाच नव्हता. ३८.७ वर पुरवठा तोडला तो बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (सेलांवर नजर ठेवणारं सर्किट), आणि बीएमएस एकूण बेरीज बघून तोडत नाही, सेलांचा एखादा गट खाली गेला की तोडतो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग ग्रॅव्हिटी घे ना एकेकाची.”

त्यांच्या भाषेत बरोबरच आहे. शिशाच्या बॅटरीत सहा घरं, प्रत्येक घरात हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजायची नळी) बुडवायचा, भरलेल्या घराची ग्रॅव्हिटी १.२८ च्या आसपास, एखाद्याची ११५० आली की समजायचं. (वर्कशॉपमध्ये दशांश चिन्ह कुणी म्हणत नसे. ‘बाराशेऐंशी’, ‘साडेअकराशे’.) “एक घर पडलं की उरलेली पाच शहाणी असून उपयोग नाही,” हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते नातेवाइकांबद्दल वाटायचं.

३ जुलै, बुधवार

पुन्हा चार्ज केली, मग बॅटरी उघडली. घड्याळ काढून ठेवलं, बांगडी काढली, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला टोकापर्यंत टेप गुंडाळली. इथे फ्यूज उडत नाही, थेट पट्टी वितळते.

आत ४० सेल, १८६५० मापाचे: व्यास १८ मिमी, लांबी ६५. चार-चार समांतर जोडून दहा गट, दहा गट सिरीजमध्ये. बीएमएसच्या बारीक अकरा वायरींच्या सॉकेटवर एकेका गटाचा व्होल्टेज घेतला. नऊ गट ४.१८ ते ४.२१. सातवा ३.३४.

झालं असं: चार्जिंगला लावलं की नऊ गट आधी काठोकाठ भरतात, बीएमएस त्यांना वाचवायला चार्जिंग तोडतो, चार्जरला वाटतं झालं आणि दिवा हिरवा. सातवा बिचारा अर्ध्या पोटी. सायकल निघाली की तोच आधी रिकामा, बीएमएस आता त्याला वाचवायला सगळंच बंद करतो. डिस्प्ले मात्र एकूण बेरीज बघून चार कांड्या दाखवत बसतो.

केसच्या खालच्या टोकाला, चार्जिंगच्या पिनेजवळ, पांढरट-हिरवी भुकटी. चार पावसाळे. रबरी झाकण २०२२ मध्येच हरवलं होतं, त्याजागी बाबांनी कापडी इन्सुलेशन टेप लावलेली. मी काही बोलले नाही.

६ जुलै, शनिवार

ऑफिसमधून बेंच सप्लाय (हवा तो व्होल्टेज देणारं यंत्र) आणला होता. बुधवारी रात्री सातव्या गटाला एकट्याला ४.२ व्होल्ट, १ अँपिअरवर भरलं. गुरुवारी सकाळी ४.१५. आज सकाळी, कशालाही न जोडता, ३.८८. बाकीचे जागचे हलले नाहीत.

म्हणजे नुसता ‘मागे पडलेला’ गट नाही, आतून गळतोय. चारातला एक सेल आतल्या आत डिस्चार्ज होतोय आणि समांतर असलेल्या तिघांना पीत बसलाय. बॅलन्स करून, म्हणजे सगळे गट एका पातळीवर आणून, हा प्रश्न सुटणार नाही.

७ जुलै, रविवार

चांगल्या गटांतले दोन सेल सुटे करून कपॅसिटी टेस्टरवर लावले. १.८१ आणि १.७४ एएच. नवे असताना २.६ असणार, कारण चार गुणिले २.६ म्हणजेच लेबलवरचे १०.४. म्हणजे उरलेली बॅटरीही दोन-तृतीयांशच आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय खरं तर हाच: सातव्या गटाचे चार सेल बदलायचे, हजार रुपयांत काम. कुणाची बॅटरी कोरडी असेल आणि रोजचं येणं-जाणं दहा-बारा किलोमीटर असेल, तर मी हेच करा म्हणेन. फक्त नवे चार सेल निवडताना गटाची कपॅसिटी शेजाऱ्यांपेक्षा कमी नको, आणि जोडायच्या आधी सगळे एकाच व्होल्टेजवर आणायचे. आमच्याकडे भुकटी सहाव्या आणि आठव्या गटाच्या पट्ट्यांवरही चढली आहे. आज सात, दिवाळीत आठ. प्रत्येक वेळी बाबा पुलावर.

१० जुलै, बुधवार

ऑनलाइन शोधाशोध. ‘३६ व्होल्ट १० एएच ई-सायकल बॅटरी’, ६,९०० रुपये, चार हजार लोकांनी म्हणे घेतलीय. ६,९०० भागिले ३६० म्हणजे वॅट-अवरला १९ रुपये! कंपनीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा वर.

मग माहितीच्या रकान्यात वजन सापडलं: १.४ किलो.

१८६५० चा एक धड सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा. २.६ एएचचे चाळीस सेल धरले तर नुसत्या सेलांचंच वजन १.८ किलोच्या पुढे जातं, केस, बीएमएस, वायरी वेगळ्या. १.४ किलोत फार तर तीस सेल मावतील, तेही केस कागदाची असेल तर. तीस सेलांत १० एएच हवे तर ३.५ एएचचे महागडे सेल हवेत, आणि त्या सेलांची किंमतच ६,९०० च्या वर जाते. उरली एकच शक्यता: आत दोन एएचच्या आसपासचे तीस सेल, म्हणजे फार तर ६ एएच, २१६ वॅट-अवर, ३२ रुपये वॅट-अवर. विक्रेत्याला विचारलं, “आत किती सेल आहेत?” उत्तर आलं, “मॅडम, फुल्ल पॉवर आहे.”

बॅटरी घेताना खोटं लेबल छापता येतं, वजन लपवता येत नाही. काटा घेऊनच खरेदीला जावं.

१३ जुलै, शनिवार

दापोडीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथून नवा पूल ओलांडून चालत बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासची आणि तापकीर गल्लीतली मिळून सात दुकानं. बाबा सोबत, छत्री घेऊन.

पहिल्या दुकानात १८६५० दाखवले, वेष्टनावर ९९०० एमएएच, म्हणजे ९.९ एएच. या मापाच्या सेलमध्ये जगात कुणालाही ३.५ च्या फार पुढे जाता आलेलं नाही, आणि हा गल्लीतला सेल दहाला टेकलाय. हातात घेतला तर पिंपळपानासारखा हलका. ठेवून दिला. तिसऱ्या दुकानात नावाजलेल्या कोरियन कंपनीचे २.६ वाले, १९० रुपये नग, वजन ४६ ग्रॅम, ते पटले. चाळीस घेतले तर ७,६००, अधिक बीएमएस, अधिक वेल्डिंग. दहा हजारांवर जातंय.

बाबा एका दुकानात रमले. ई-रिक्षा, ई-स्कूटरच्या शिशाच्या बॅटऱ्या. १२ व्होल्ट १२ एएच, तीन घेतल्या की ३६. तिघींचे मिळून ५,१०० रुपये. “ही ओळखीची वस्तू,” म्हणाले. एक उचलली, खाली ठेवली. चार किलोची. तीन म्हणजे बारा किलो, सायकलवर पुलाच्या चढाचा प्रश्न आहे. आणि शिशाच्या बॅटरीतून अर्ध्याच्या खाली सारखं ओढलं की ती वर्षात बसते, हे मी सांगायच्या आधी बाबाच म्हणाले. मग बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो.

शेवटच्या दुकानात काउंटरवर जाडजूड निळे सेल, टॉर्चच्या सेलपेक्षा मोठे. ‘३२७००, एलएफपी, ३.२ व्होल्ट, ६ एएच. सोलरवाले नेतात.’ २१५ रुपये.

परतीच्या मेट्रोत गणित करत बसले. २१५ भागिले १९.२. वॅट-अवरला ११ रुपये २० पैसे. कोरियन १८६५० चे वीस पडतात.

१४ जुलै, रविवार

आज नुसतं कागदावर.

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. गावोगावच्या सोलर दिव्यांत, खांबावरच्या डब्यात हेच सेल चार-चार सिरीजमध्ये असतात, म्हणून ते इतके सहज आणि स्वस्त मिळतात. ई-सायकलवाले ते वापरत नाहीत याचं कारण आकार. एक सेल ३२ मिमी जाड, ७० मिमी उंच, १४५ ग्रॅम. आपल्या नळीवरच्या केसमध्ये मावणार नाहीत, जागा जवळपास दुप्पट लागते.

पण विद्युत जुळणी बघा. बारा सिरीज केले तर ३८.४ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर ३.६५ च्या हिशेबाने ४३.८. आमचा जुना चार्जर ४२ देतो, म्हणजे सेलमागे ३.५, आणि एलएफपी ३.५ वर जवळपास भरलेलाच असतो. चार्जर तोच चालेल! वर कंट्रोलरला कधी ४२ च्या पुढचं बघावंच लागणार नाही (त्यातले कपॅसिटर ६३ व्होल्टचे आहेत, उघडून पाहिले). खालच्या टोकाला कंट्रोलर ३१ ला कापतो, भागिले बारा, २.५८. एलएफपीची तळरेषा २.५. असा जोड मुद्दाम शोधून सापडला नसता. अकरा सेल घेतले तर वरून अडचण, ४२ वर सेलमागे ३.८ होतात. तेरा घेतले तर भरणारच नाहीत. बारा.

दोन समांतर, बारा सिरीज: २४ सेल, १२ एएच, ४६० वॅट-अवर कागदावर. वजन सेलांचं साडेतीन किलो. कंट्रोलर जास्तीत जास्त १४ अँपिअर ओढतो, सेलमागे ७.

आणखी एक कारण आहे, ते पैशात बसत नाही. मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभ्या ई-स्कूटरला लागलेल्या आगीचा व्हिडिओ सगळ्या पुण्याने पाहिला. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हापासून जिन्याखाली सायकल चार्ज करण्यावर दर मीटिंगला विषय निघतो. एलएफपीही गैरवापराने बिघडते, धूर काढते, पण पेट घेण्याचं तापमान बरंच वर आहे आणि ती त्या जोमाने भडकत नाही. बाबा रात्री चार्जिंग लावून झोपतात. मला झोप लागायला हवी.

जागा: मागचं कॅरिअर. बाबांची अट, भाजीची पिशवी हँडलला अडकवली जाणार नाही. पुढे बास्केट लावू म्हटलं. “बास्केट पोरींच्या सायकलला असते.” पुढे चर्चा नको म्हणून इथेच थांबले.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी. उपास. काही नाही.

आज हाफ-डे घेऊन भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात गेले. सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या बनवणारे काका, ओळख आमच्या पॅनेलवाल्या मिस्त्रींची. काकांचा प्रस्ताव चटकन होता: तयार १२.८ व्होल्टचे तीन पॅक घ्या, सिरीज करा, झाले ३८.४, उद्या न्या.

नको म्हटलं. प्रत्येक पॅकच्या आत चार सेलांपुरता छोटा बीएमएस. तिघांतल्या एकाने पुरवठा तोडला की त्याच्या मॉस्फेटवर (तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) अख्ख्या साखळीचा व्होल्टेज येतो, आणि ते मॉस्फेट तेवढ्यासाठी नसतात. ते शॉर्ट होऊन बसले तर संरक्षण संपलं आणि कळणारही नाही. एकच, बारा सिरीजचा, एलएफपीचाच बीएमएस हवा. काका क्षणभर थांबले, मग म्हणाले, “मॅडम, कस्टमर एवढं विचारत नाही.” पण ऐकलं. सेल त्यांच्याकडेही २१५ लाच.

वेल्डिंगच्या पट्टीचा एक तुकडा मागून घेतला. घरी ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात टाकलाय.

१९ जुलै, शुक्रवार

पट्टी तांबूस. निकेल नाही, निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद. सोलर दिव्याला चालून जाईल, तिथे एक-दोन अँपिअर. चौदा अँपिअरला ती तापणार, आणि पावसाळ्यात गंजणार. काकांना फोन: शुद्ध निकेल, आणि मुख्य जोडांवर दुहेरी. तीनशे रुपये वाढले.

२१ जुलै, रविवार

२६ सेल घरी आणले, मोजून परत द्यायच्या अटीवर. आतला रोध बहुतेकांचा ६ ते ८ मिलिओहम. दोघांचा १४ आणि १५. तेच दोघे वजनालाही चार-पाच ग्रॅम कमी. बाजूला काढले. उरलेल्यांतल्या सहांची कपॅसिटी मोजली: ५.६ ते ५.८ एएच. सहा नाहीत, पण खोटंही नाही. पॅक ११.४ धरू, ४३८ वॅट-अवर.

बाबांनी २४ सेलांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले, एसटीच्या बसवर टाकतात तसे. जोड्या लावताना एकाचा जास्त दुसऱ्याचा कमी अशा लावल्या, म्हणजे बाराही गट सारखे.

२३ जुलै, मंगळवार

आज बजेट. लिथियमसह पंचवीस खनिजांवरची कस्टम ड्युटी माफ. बाबा टीव्हीसमोरून ओरडले, “दोन दिवस थांबली असतीस तर!” खनिजावरची माफी भोसरीच्या गाळ्यात पोचेपर्यंत माझी रिटायरमेंट येईल.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो-धो. नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी. शाळा बंद, ऑफिसला सुट्टी. आमच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं. सायकल दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवली, सेल कपाटात. कंट्रोलरची पिशवी कोरडी आहे. आज एवढंच.

३ ऑगस्ट, शनिवार

पाण्यामुळे काकांचा गाळाही चार दिवस बंद होता. आज वेल्डिंग. मी उभी राहून करून घेतलं. प्रत्येक सेलच्या धन टोकावर फायबर पेपरची चकती, गटांच्या मध्ये जाड पुठ्ठ्यासारखा इन्सुलेशन पेपर, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी). एक पट्टी ओढून पाहिली, वेल्ड न सुटता पट्टी फाटली, म्हणजे बरोबर. बीएमएसच्या तेरा वायरी मीटरने क्रमाने तपासूनच सॉकेट लावलं. एक वायर उलटसुलट झाली की बीएमएस धूर सोडतो, असे दोन मी ऑफिसात जाळलेत.

हिशेब: २४ सेल ५,१६०. बीएमएस १,१५०. वेल्डिंग आणि निकेल १,२००. इलेक्ट्रिकलवाल्याकडचा रबरी गॅस्केटचा प्लास्टिक डबा ४८०. वायर, कनेक्टर, २० अँपिअरचा फ्यूज २६०. पट्टे १५०. एकूण ८,४००. वॅट-अवरला १९ रुपये. त्या १.४ किलोवाल्या जाहिरातीचा भाव, फक्त हा खरा.

४ ऑगस्ट, रविवार

जुन्या केसमधले सेल काढले, केस नळीवर तशीच ठेवली. किल्ली, स्विच आणि खालचा कनेक्टर तिच्यातच आहेत, कॅरिअरवरच्या डब्यातून जाड वायर तिच्यात आणली. वायरीला खाली झोका दिलाय म्हणजे पाणी ओघळून खाली पडेल, डब्यात शिरणार नाही. चार्जिंगची पिन डब्याच्या बाजूला, रबरी झाकणासकट. झाकण दोरीने बांधलंय.

पहिला फेरा मी मारला, सांगवी ते दापोडी, हॅरिस पूल, बोपोडी, खडकी बाजार आणि परत. चढावर जुन्या बॅटरीपेक्षा ओढ चांगली, व्होल्टेज कमी बसतो. पण मागे वजन आल्यामुळे सायकल स्टँडवर लावताना पुढचं चाक वळतं. आणि डबा स्पीडब्रेकरवर वाजतो.

७ ऑगस्ट, बुधवार

डब्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. आवाज गेला.

११ ऑगस्ट, रविवार

रेंज टेस्ट. बाबा, जवळ पाणी, फोन, आणि मागून स्कूटरवर मी. जरुरीपुरतंच पेडल. ३६ किलोमीटरला बंद पडली, औंधच्या अलीकडे. किलोमीटरला बारा वॅट-अवर. पुढचं ढकलायला मी होते.

एक खोड आधीच माहीत होती ती दिसली: डिस्प्लेच्या चार कांड्या तेहेतीस किलोमीटरपर्यंत हलल्या नाहीत, मग दोन किलोमीटरांत सगळ्या गेल्या. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात सपाट असतो, व्होल्टेज बघून कांड्या दाखवणारा डिस्प्ले त्याला फसतो. छोटं कूलंब-मीटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारं) लावते म्हटलं, ६५० रुपये. बाबांनी हँडलवर एक वही अडकवली आहे. तारीख, निघतानाचे किमी, येतानाचे किमी. पंचवीसला चार्जिंग. “लॉगशीट आहे ना, मीटर कशाला?”

१५ ऑगस्ट, गुरुवार

जुने ३८ सेल मोजून झाले (दोन ७ जुलैलाच मोजले होते). सातव्या गटातला गळका सापडला, दोन दिवसांत ४.१ वरून २.९. तो आणि भुकटी चढलेले अकरा, एकेकाच्या टोकांना टेप लावून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिले. घंटागाडीत टाकायचे नाहीत, कॉम्पॅक्टरखाली चिरडले की तिथेच पेटतील. उरलेल्या अठ्ठावीसमधून बाबांना भजनी मंडळासाठी दिवा हवाय.

१८ ऑगस्ट, रविवार

एक गोष्ट राहिली होती. हा बीएमएस सेल ३.५५ च्या वर गेला की बॅलन्सिंग सुरू करतो, आणि आपला चार्जर ३.५ लाच थांबतो. म्हणजे रोजच्या चार्जिंगमध्ये बॅलन्सिंग होणारच नाही, गट हळूहळू पांगत जातील. आज स्विच बंद ठेवून बेंच सप्लायने ४३.८ पर्यंत नेली आणि तीन तास तशीच धरली. दोन महिन्यांतून एकदा हे करायचं. बाबांना समजावायला गेले तर म्हणाले, “इक्वलायझिंग चार्ज. आम्ही महिन्याला द्यायचो.” मग मी गप्प.

तासाभराने गटांचे व्होल्टेज घेतले. बाबा वहीत उतरवत होते, ‘ग्रॅव्हिटी’ असं वर लिहून. ३.३९, ३.३९, ३.४०, ३.३९, ३.३७, ३.४०, ३.३९, ३.३९, ३.४०, ३.३९, ३.३९, ३.४०.

पाचव्याभोवती लाल पेनने गोल काढला त्यांनी.

“यांच्यावर लक्ष ठेव.”